राजवाडे बांधणाऱ्या माणसाला आपल्याच इमारती पडतील अशी भीती का वाटली? न्यू पॅलेसच्या मेजर मँट यांची गोष्ट

कोल्हापुरात पाहुणे आले की त्यांची फेरी ठरलेली असते. आधी अंबाबाईचं दर्शन, मग रंकाळ्यावर चक्कर, दुपारी तांबडा-पांढरा आणि संध्याकाळच्या आत न्यू पॅलेस. काळ्या दगडातला तो राजवाडा, मधोमध घड्याळाचा मनोरा, आत शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग रंगीत काचांवर दाखवणारा दरबार हॉल. लोक फोटो काढतात, म्युझियम बघतात आणि निघतात.

पण हा राजवाडा ज्यांनी कागदावर उभा केला, ते तो पूर्ण झालेला बघायला जिवंत नव्हते. त्यांचं नाव मेजर चार्ल्स मँट. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्समधले हे अधिकारी 1881 साली गेले, तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती. शेवटच्या दिवसांत त्यांच्या मनाचा तोल गेला होता. स्थापत्याचे इतिहासकार त्याबद्दल जे नोंदवतात ते चटका लावणारं आहे. आपण केलेली गणितं चुकली आहेत आणि आपण आखलेले राजवाडे कोसळणार आहेत, या विचाराने त्यांना पछाडलं होतं.

आज त्याला जवळपास दीडशे वर्षं होत आली. न्यू पॅलेस उभा आहे. बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस उभा आहे. अजमेरचं मेयो कॉलेज उभं आहे.

मग मँट यांची भीती खोटी होती का? इमारती पडल्या नाहीत, या अर्थाने खोटी होती. पण इमारत टिकते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि ते आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटलाही लागू आहे.

सुरुवात झाली एका तरुण राजाच्या मृत्यूपासून

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज दुसरे 1870 साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं फक्त 20 वर्षं. तिथल्या कॅशिने उद्यानात, आर्नो नदीच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्याच जागी 1874 साली त्यांचं स्मारक उभं राहिलं. आत महाराजांचा अर्धपुतळा आणि वर भारतीय पद्धतीची छत्री. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा आणि छत्रीचं डिझाइन मेजर मँट यांचं. आजही फ्लॉरेन्सचे लोक त्या भागाला 'इंडियानो' म्हणजे भारतीय माणसाच्या नावाने ओळखतात. 1970च्या दशकात शेजारी झालेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळालं. कोल्हापूरच्या राजाची आठवण युरोपातल्या एका पुलाच्या नावात राहिली, त्यामागे ही छत्री आहे.

महाराजांच्या पश्चात 1871 मध्ये शिवाजी महाराज चौथे दत्तक आले. ते लहान होते, त्यामुळे कारभारावर इंग्रजांची पकड होती. रस्ते, दवाखाने, शाळा, सरकारी इमारती अशी बांधकामं या काळात सुरू झाली. त्यांतल्या महत्त्वाच्या इमारती मँट यांच्याकडे आल्या.

गॉथिक टाउन हॉलपासून काळ्या राजवाड्यापर्यंत

भाऊसिंगजी रोडवरच्या बागेतला टाउन हॉल 1872 ते 1876 या काळात बांधला गेला. टोकदार कमानी, उतरती छपरं, सरळ विलायतेतून उचलून आणल्यासारखी गॉथिक इमारत. आज तिथे म्युझियम आहे आणि ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या सातवाहन काळातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात.

टाउन हॉलजवळच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल झालं. कोल्हापूरकरांना हे नाव सांगितलं तर चटकन लक्षात येणार नाही, पण सीपीआर म्हटलं की सगळ्यांना कळेल. तेच हे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्याचंही डिझाइन मँट यांचंच.

न्यू पॅलेसचं काम 1877 मध्ये सुरू झालं आणि इथे मँट यांचा हात बदललेला दिसतो. टाउन हॉलमधला इंग्रजी थाट मागे पडला. गुजरात-राजस्थानातल्या जैन आणि हिंदू वास्तूंचे घाट, इस्लामी घुमट आणि कमानी, मराठी राजवाड्यांची वळणं हे सगळं एका इमारतीत आलं. या मिश्र शैलीला पुढे इंडो-सारासेनिक हे नाव रूढ झालं. तिचा पाया घालणाऱ्यांत मँट यांचं नाव घेतलं जातं. इंग्रज अधिकाऱ्यांनी भारतात इंग्लंडची नक्कल करायची, हा शिरस्ता त्यांनी मोडला.

राजवाड्याचा खर्च सुमारे 7 लाख रुपये झाला. हा 1880च्या आसपासचा आकडा आहे, हे ध्यानात ठेवा.

मँट यांचं नाव झालं तशी कामंही वाढत गेली. सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेस. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी अजमेरला मेयो कॉलेज. एकाच वेळी तीन ठिकाणी प्रचंड इमारती, आणि फोन नाही, कॉम्प्युटर नाही. एखादी शंका आली तर पत्र लिहायचं किंवा रेल्वे आणि टांग्याने साइट गाठायची.

दगड चिरडत नाही, मग धोका कुठे?

मँट यांना नेमकी कशाची धास्ती वाटली असेल, हे समजायला थोडं गणित बघू.

समजा 20 मीटर उंच दगडी भिंत आहे. आपल्याकडच्या काळ्या दगडाचं, म्हणजे बेसाल्टचं वजन एका घनमीटरला अडीच टनांच्या पुढे जातं. म्हणजे भिंतीच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर 50 टनांहून जास्त भार येतो. हा आकडा मोठा वाटतो. पण चांगला बेसाल्ट चिरडायला त्याच एका चौरस मीटरवर 10,000 टनांच्या वर भार लागतो. तेव्हा दगड चिरडून भिंत पडेल ही शक्यता जवळपास नाहीच.

धोका असतो तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणं झाकलेली असतात.

पहिलं ठिकाण जमीन. घट्ट मुरूम चौरस मीटरला साधारण 40-45 टन पेलतो. काळी माती त्याच्या निम्माही भार भरवशाने घेत नाही. शिवाय ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया भिंतीपेक्षा रुंद करतात आणि काळी माती काढून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतात. भिंत सगळ्यांना दिसते, पाया कुणालाच दिसत नाही.

दुसरं ठिकाण कमान. कमान वरचा भार खाली नेते, पण त्याच वेळी दोन्ही बाजूंना बाहेर ढकलतही असते. हा बाहेरचा रेटा पेलायला शेजारच्या भिंतीला पुरेशी जाडी आणि वजन लागतं. ते कमी पडलं तर भिंत सावकाश बाहेर कलते आणि एक दिवस कमानीचा मधला दगड निसटतो. राजवाडे, दवाखाने, कॉलेज या सगळ्यांत कमानींच्या रांगाच रांगा असतात.

तिसरं ठिकाण दोन दगडांमधला सांधा. त्या काळी आपल्याकडे सिमेंट रुळलेलं नव्हतं, काम चुन्यात होई. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो. जाड भिंतीच्या पोटातला चुना घट्ट व्हायला काही वर्षंही लागू शकतात. याचा अर्थ असा की इमारत बांधून झाली तरी ती आतून पक्की झालेली नसते.

आता मँट यांच्या जागी उभं राहून बघा. कमानीच्या रेट्याचं गणित कागदावर मांडता येत होतं. दगडाची ताकद अंदाजाने माहीत होती. पण जमिनीच्या वागण्याचं शास्त्र अजून तयारच झालं नव्हतं. कार्ल टर्झागी यांच्या ज्या पुस्तकापासून आधुनिक मृदा-यांत्रिकी सुरू झाली असं मानतात, ते आलं 1925 मध्ये, म्हणजे मँट गेल्यानंतर 44 वर्षांनी. तोवर इंजिनिअर जुना अनुभव, ठोकताळे आणि जास्तीची जाडी यांवर विसंबून असत.

म्हणजे अर्धं गणित कागदावर आणि अर्धं विश्वासावर. ज्याची झोप उडालेली आहे, त्याच्या मनाला तो विश्वास पुरत नाही. आणि एकदा पाया बुजला, भिंत चढली की उघडून बघता येत नाही.

दोघांच्याही नशिबी तोच शिक्का

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे ज्यांच्या राज्यात हा वाडा उभा राहत होता ते तरुण छत्रपती शिवाजी महाराज चौथे.

मँट यांच्या मनाचा तोल गेला त्याच सुमारास महाराजांनाही वेड लागल्याचं संस्थानच्या कारभाऱ्यांनी आणि इंग्रजांनी ठरवलं होतं. महाराजांचा छळ होतोय, अशी चर्चा महाराष्ट्रभर होती. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले ती खोटी ठरली, बदनामीचा खटला झाला आणि 1882 साली टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. कोल्हापूर प्रकरण म्हणून इतिहासात गाजलं ते हेच.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथे 25 डिसेंबर 1883 रोजी एका गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं 20.

राजवाडा 1884 मध्ये पूर्ण झाला. आखणारा गेलेला, आणि राजाही गेलेला. त्याच वर्षी 17 मार्चला कागलच्या घाटगे घराण्यातला दहा वर्षांचाही न झालेला एक मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. ते राजर्षी शाहू महाराज.

मँट आणि महाराज यांच्या आजारांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण त्या काळी मन आजारी पडलेल्या माणसाकडे, तो राजा असो वा मेजर, शिक्का मारण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. आज सततची धास्ती, तीच शंका पुन्हा पुन्हा येणं, न केलेल्या चुकीचा अपराध वाटणं ही उपचार होऊ शकणारी लक्षणं आहेत, हे डॉक्टर सांगू शकतात. मँट यांना ते सांगणारं कुणी नव्हतं.

त्यांच्यामागे इमारतींनी दिलेलं उत्तर

मँट गेल्यावर कामं थांबली नाहीत. बडोद्याचं काम रॉबर्ट चिझोम या दुसऱ्या वास्तुविशारदाने हाती घेतलं आणि लक्ष्मी विलास पॅलेस 1890 मध्ये पूर्ण झाला. मेयो कॉलेजची मुख्य इमारत 1885 मध्ये खुली झाली.

पुढे 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरात हाहाकार उडाला आणि कोल्हापूरसह सगळा पश्चिम महाराष्ट्र हादरला. 2019 आणि 2021 साली पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर शहराला वेढा घातला. टाउन हॉल, सीपीआर, न्यू पॅलेस या तिन्ही इमारती आजही आहेत आणि वापरात आहेत. सीपीआरमध्ये आजही रोज पेशंट येतात. न्यू पॅलेसच्या तळमजल्यावर म्युझियम आहे आणि वर छत्रपती घराण्याचं निवासस्थान.

यावरून जुनं ते सगळं भक्कम, असा अर्थ मात्र काढू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली ती जाडजूड दगडी भिंतींच्या घरांतच. तिथल्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या, पण बाहेरचा थर आणि आतला थर एकमेकांना बांधलेले नव्हते. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, सांध्यात चुन्याऐवजी माती होती आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं होतं. हादरा बसताच भिंतीचे दोन पापुद्रे सुटले आणि धाबं खाली आलं.

जाडी दोन्हीकडे होती. फरक पडला तो भिंतीच्या पोटात काय आहे, याने.

मँट यांची धास्ती आणि तुमचं घर

तुम्ही राजवाडा बांधणार नाही. पण घर बांधत असाल, फ्लॅट घेत असाल किंवा आई-वडिलांचं गावचं घर दुरुस्त करत असाल, तर मँट यांना पडलेला प्रश्न तुमच्याही समोर आहे. प्लास्टर आणि टाइल्सच्या आत काय आहे?

पाया भरण्याआधी खड्ड्यात उतरून बघा. मुरूम लागलाय की काळी मातीच आहे? जोत्यावर ओल अडवणारा थर टाकलाय का? नाहीतर पुराचं किंवा पावसाचं पाणी भिंतीतून वर चढत राहतं. दारं-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना बांधणारा सळ्यांचा सलग पट्टा आहे का? भूकंपात तो कमरपट्ट्यासारखा काम करतो. स्लॅब, बीम आणि कॉलमच्या सळ्यांखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत का? कॉलममध्ये सळीच्या बाहेर साधारण 40 मिलिमीटर काँक्रीट हवं, नाहीतर काही वर्षांत सळी गंजते आणि काँक्रीटचे टवके उडतात.

घर टिकलं, पण त्यात वावरता आलं नाही तर? मँट यांच्या काळात उंच जोतं आणि भरपूर पायऱ्या ही प्रतिष्ठा होती. आपल्या जुन्या वाड्यांतही उंच उंबरा आणि अंधारा, उभा जिना असायचाच. गुडघे दुखणाऱ्या आजीचा किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाचा विचार त्यात नव्हता. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना तो विचार बंधनकारक केला. आपल्या घरात मात्र तो आपणच करायचा आहे.

आणि त्यातलंही बरंचसं झाकलेलंच असतं. बाथरूमचा स्लॅब टाकतानाच तो पुरेसा खाली घेतला, तर वर टाइल्स बसवल्यावर उंबरा न ठेवता सपाट प्रवेश मिळतो. कमोड आणि शॉवरजवळची भिंत आतून भरीव ठेवली, तर पुढे कधीही आधाराचा दांडा घट्ट बसतो. पोकळ विटेत बसवलेला दांडा ऐन वेळी हातात येतो. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर ठेवली तर व्हीलचेअर आत जाते. ती वळवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते. रॅम्प करायचा तर 1 फूट चढायला 12 फूट लांबी, हे प्रमाण लक्षात ठेवा. ही सगळी कामं बांधताना केली तर खर्च थोडका येतो. नंतर करायची तर फोडाफोड आलीच.

शेवटचं काम सगळ्यात स्वस्त आहे. पाया बुजवण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी, प्लास्टरच्या आधी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. शेजारी टेप धरून मापं दिसतील असे काढा आणि जपून ठेवा. नळ कुठून गेलाय, वायर कुठून गेलीय, सळी किती जाडीची आहे, हे वीस वर्षांनी विचारायला ठेकेदार सापडणार नाही. आणि घराचं डिझाइन एका इंजिनिअरने केलं असेल तर ते दुसऱ्याकडून तपासून घ्या. यात पहिल्याचा अपमान नाही. उलट, सगळा भार एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

मेजर मँट यांच्या वाट्याला हे आलं नाही. बुजलेला पाया ते पुन्हा उघडून बघू शकले नाहीत. आपली गणितं बरोबर होती, हे त्यांना कधीच कळलं नाही.

पुढच्या वेळी न्यू पॅलेसला गेलात तर मनोऱ्याचा फोटो जरूर काढा. मग एकदा खाली, जिथे काळा दगड जमिनीत शिरतो तिथेही बघा. चार्ल्स मँट यांची भीती तिथेच, जमिनीखाली होती. आणि त्या भीतीचं उत्तरही तिथेच आहे.